सामन मासा आणि मशेरीचा डबा

माझ्या खोलीच्या दारावर 'आहार व जीवनशैली मार्गदर्शन' अशी पाटी होती. ती पाटी वाचून आत आलेला माणूस मी नोकरीत एकदाही पाहिला नाही. बाहेरच्या बाकावर लोक एकमेकांना विचारायचे, "खाव-नको बाय आतमध्ये आसा काय?" मी आतून ओरडायचे, "आसा, येवा!" आणि मग आत आलेल्या माणसाच्या तोंडावर जे भाव असत ते पाहून मला दर वेळी हसू यायचं. शाळेत मास्तरांनी ऐकल्यावर मुलांचं होतं तसं व्हायचं.

आमचं केंद्र महामार्गाला लागून. खाली औषधांचं दुकान, वर डॉक्टर, आणि जिन्याखाली, जिथे इतर इमारतींत पाण्याचा पंप असतो, तिथे मी. मूल होत नाही म्हणून येणारी जोडपी आमच्याकडे येत. वेंगुर्ल्यापासून विजयदुर्गापर्यंतची. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले आणि या अंकाच्या संपादकांचा फोन आला, "तुमचे यशस्वी अनुभव लिहा." मी म्हटलं, यशस्वी अनुभव डॉक्टरांना विचारा, बाळांचे फोटो त्यांच्याच भिंतीवर आहेत. माझ्या भिंतीवर मुळा आणि गाजराचं चित्र होतं. तरी लिहिते आहे. नावं बदलली आहेत. माणसं मात्र स्वतःला ओळखतील, आणि ओळखली की मला फोन करून भांडतील.

आधी बाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगते. बाईला रोज सुया टोचून बीजं वाढवायची, ती काढून प्रयोगशाळेत पुरुषाच्या बीजाशी जुळवायची, तयार झालेला गर्भ पुन्हा तिच्या पोटात ठेवायचा, आणि मग दोन आठवडे सगळ्या घराने श्वास धरून बसायचं. त्यानंतर रक्ताची तपासणी. या एका फेरीला आम्ही सायकल म्हणतो. पहिली सायकल पुष्कळदा वाया जाते. का गेली ते पुष्कळदा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आणि जे डॉक्टरांना सांगता येत नाही ते सांगायला आख्खी वाडी तयार असते.

पहिली सायकल गेली की डॉक्टर त्या जोडप्याला जिन्याखाली पाठवत. बीज पक्व व्हायला साधारण तीन महिने लागतात, तेव्हा दुसऱ्या फेरीआधी तेवढे दिवस खाणं, झोप, वजन, व्यसनं यांच्याकडे बघायचं. माझ्या तक्त्याने मूल होत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगायचे. जमीन जरा बरी नांगरून ठेवायची, एवढंच माझं काम. पण आत आलेली बाई खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारायची, "बाई, माजा खावचा काय चुकला?" एकही बाई याला अपवाद नव्हती. मी म्हणायचे, काही चुकलं नाही. तिला ते खरं वाटायचं नाही. तिच्या डोक्यात एखादी पपईची फोड असायची, स्कूटरवर बसलेला एखादा धक्का असायचा, किंवा चुलतसासूच्या घरी नको म्हणता न आलेलं जेवण असायचं.

पुरुष असं काही विचारत नसत. त्यांचं खाणं चुकतच नाही ना! खारेपाटणकडचे एक गणिताचे मास्तर मला रोज दुपारी बायकोच्या ताटाचा फोटो पाठवायचे. काकडीचे काप एकसारखे, भाकरी अर्धी, डाळीची वाटी नेमक्या जागी. मी एकदा कळवलं, "सर, आता तुमच्या ताटाचा पाठवा." दोन दिवस फोटो बंद. तिसऱ्या दिवशी बायकोनेच पाठवला. मास्तर शाळेच्या समोरच्या टपरीवर उभे, हातात वडापाव, आणि दुसरा वडापाव कागदात वाट बघत. खाली तिने लिहिलं होतं, "हे गणित कधी सुटणार?" त्या जोडप्यावर माझा जीव आहे. मास्तर खारेपाटणचे आणि मीही खारेपाटणची, त्यामुळे त्यांना झापायला मला जास्तच मजा आली.

आता दर्शनाकडे येते. मला खरं तिच्याबद्दलच लिहायचं आहे, मास्तरांना मी नुसतं तोंडी लावायला घेतलं.

दर्शना मिठबावची. वय तेहतीस. नवरा रुपेश छोट्या होडीवर मासेमारी करतो, आणि ती पाटी घेऊन बाजारात मासे विकते. म्हणजे विकायची. पहिली सायकल वाया गेल्यावर घराने तिला घरात बसवलं होतं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, चालायचं नाही, आणि मासे उष्ण म्हणून मासेही खायचे नाहीत. वर सकाळ-संध्याकाळ डिंकाचा लाडू. तीन महिन्यांत बाई अशी भरली की होडीवर जाळं ओढणाऱ्या नवऱ्याला तिच्या बाजूला उभं केलं तर तोच आजारी वाटावा.

माझ्या समोर बसली आणि तोच प्रश्न विचारला. मी तेच उत्तर दिलं. मग मी माझा छापील तक्ता काढला. हा तक्ता मी पुण्यात शिकले तेव्हापासून फारसा बदलला नव्हता हे कबूल करते. त्यात ओट्स होते, ब्रोकोली होती, आणि आठवड्यातून दोनदा सामन मासा होता. मी मोठ्याने वाचून दाखवला.

दर्शनाने शांतपणे विचारलं, "बाई, ह्यो सामन खंयच्या बंदरात गावता?"

मी म्हटलं, तो परदेशात मिळतो, त्यात चांगली चरबी असते.

"आमच्या हयसर तारले गावतत, बांगडे गावतत. तेंची चरबी काय वायट?"

रुपेश तोंड फिरवून हसला. मी तक्ता फाडला. आयुष्यभर बांगडे खाऊन वाढलेली मी, आणि मासे विकणाऱ्या बाईला सामन सांगत होते! त्या दिवसापासून माझ्या तक्त्यात तारले आले, बांगडे आले, कुळथाची पिठी आली, उकड्या तांदळाची पेज आली. डिंकाचे लाडू गेले. आणि दर्शनाने पुन्हा पाटी उचलून बाजारात जायचं ठरलं, चालत.

रुपेशचीही उलटतपासणी केली. बिअर आठवड्यातून किती, झोप किती, असं विचारत विचारत शेवटी तो होडीत बसतो कुठे इथपर्यंत आले. तो म्हणाला, इंजिनाच्या झाकणावर, ती जागा कोरडी असते आणि थंडीत ऊब लागते. मी म्हटलं, तीच ऊब तुमच्या बीजाला नको आहे, तिथून उठा.

"मगे मी बसू खंय? होडयेत काय सोफो आसा?"

"उभे राहा," मी म्हटलं. तो गेला. पुढच्या वेळी दर्शनाने सांगितलं की सगळ्या बंदरावर आता त्याला 'उभो रुपेश' म्हणतात.

तक्त्याआधी मी सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घ्यायचे. त्यात व्यसनांचा एक भाग होता. सिगारेट, बिडी, गुटखा, दारू, तंबाखू खाणे. प्रत्येकापुढे हो किंवा नाही. दर्शनाने सगळ्यांपुढे 'नाही' लिहिलं होतं. मी त्यावर बरोबरची खूण केली होती. हा फॉर्म लक्षात ठेवा.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. वजन उतरत होतं. तोंडावर तेज आलं होतं. घरात एकच अडचण होती, ती म्हणजे सासू. भागीकाकी. सत्तरीला टेकलेली, काटक, एके काळी स्वतः पाटी घेऊन कुणकेश्वराच्या जत्रेपर्यंत जाणारी. लाडू बंद केले म्हणून तिचा माझ्यावर राग होता. तिने रुपेशकडून निरोप पाठवला, "त्या बायक सांग, कागदार लिवणा सोपा आसा. एकदा येवन बघ, मी काय रांधतंय ता."

पेशंटच्या घरी जेवायला जायचं नाही, हा माझा नियम. पण आव्हान दिलं की मी नियम विसरते. एका रविवारी मी मिठबावला गेले.

जेवण असं होतं की त्यावर मी आणखी तीन पानं लिहीन, म्हणून लिहीत नाही. फक्त तारल्यांचं तिरफळ घातलेलं सुकं आणि सोलकढी एवढंच नोंदवते. तेल बेताचं, भात बेताचा. भागीकाकी माझ्या तोंडाकडे टक लावून होती. मी म्हटलं, "काकी, तुमचा तक्ता माझ्यापेक्षा बरा." ती विरघळली. मला म्हणाली, "चल गो, मागीलदारी बसूया जरा."

मागच्या दाराच्या पायरीवर सावली होती. सासू बसली, तिच्या बाजूला सून बसली, आणि मला एक पाट दिला. दुपारची ही वेळ दोघींची ठरलेली असणार, हे बसण्यावरूनच कळत होतं. त्यांची भांडणं, बाजारातल्या गोष्टी, शेजारच्या घरातलं काय काय, सगळं या पायरीवर होत असणार. भागीकाकीने कनवटीचा छोटा पत्र्याचा डबा काढला, उघडला, एक चिमूट स्वतः घेतली आणि डबा सुनेपुढे केला. दर्शनाने सवयीने बोट बुडवलं आणि दातांवर फिरवायला लागली. मग डबा माझ्यापुढे आला.

"घे गो. दात बरे ऱ्हवतत."

वास आला आणि मी जागच्या जागी थांबले. तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड. मशेरी. हा वास मला पाठ होता. माझ्या आईच्या चुलीपाशी असाच डबा होता आणि आजूबाजूच्या प्रत्येक घरात होता. आमच्याकडे बायका तंबाखू खात नाहीत. त्या दात घासतात. दिवसातून चार वेळा, पाच वेळा, काम संपलं की, चहा झाला की. कोणी त्याला व्यसन म्हणत नाही, मग ते फॉर्मवर कोण लिहील? दर्शना खोटं बोलली नव्हती. तिला विचारलं होतं, तंबाखू खाता का. ती खात नव्हतीच.

आता पुढे मी जे केलं ते लिहायला मला आजही जड जातं. मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. दोन महिने शोधत असलेली किल्ली अचानक सापडावी तसा मला आनंद झाला, आणि मी म्हणाले, "सापडलं! दर्शना, हे बघ, हेच ते. हा तंबाखूच आहे. हा आजपासून बंद!"

दर्शनाचं बोट दातांवरच राहिलं. ती माझ्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे बाई, ता माज्यामुळाच गेला?"

मी घाईघाईने म्हटलं, नाही, तसं नाही, असं कोणी सांगू शकत नाही. पण टाळी वाजवून झाली होती. ती उठली, विहिरीवर जाऊन तोंड धुतलं आणि आत गेली. मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. भागीकाकीने डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुजी गाडी किती वाजता आसा?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं. आमच्या डॉक्टरबाई कमी बोलतात. म्हणाल्या, "तंबाखू सोडायलाच हवा. पण पहिली सायकल त्यामुळे गेली, हे मी ठरवू शकत नाही. तुम्ही कसं ठरवलंत?" बाईच्या डोक्यातून ती पपईची फोड काढायची, हेच तर माझं काम होतं. मी तिथे आख्खा डबा ठेवून आले होते.

दर्शना तीन आठवडे आली नाही. फोन उचलला नाही. शेवटी रुपेश एकटाच आला आणि खुर्चीत न बसता उभाच राहिला. सवय लागली होती बिचाऱ्याला.

"बाई, ती कायेक बोलणा नाय. बाजाराक जाणा नाय. मशेरी सोडल्यान, पण जेवणय सोडल्यान. दुसरी सायकल नको म्हणता. म्हणता, माज्याच हातान गेला, आता कोणत्या तोंडान मागू?"

मी त्याला काय सांगितलं ते आठवत नाही. काहीतरी सांगितलं असेल. त्या आठवड्यात मी कोणालाही धड रागावले नाही. बाहेरच्या बाकावर लोकांना वाटलं की खाव-नको बाय आजारी आहे.

आणि एका सकाळी दार उघडून भागीकाकी आत आली. एकटी. मिठबावहून दोन एसट्या बदलून. लुगडं नेटकं, डोक्यात अबोलीचा वळेसर, हातात पिशवी. खुर्चीवर बसली, कनवटीचा डबा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"ह्यो डबो तुज्याकडे ठेव. घरात ऱ्हवलो तर माजो हात जातलो."

मी म्हटलं, "काकी, तुम्ही कशाला सोडता? तुम्हाला आता..."

"आयक. लग्न होवन ती आमच्याकडे इली तेवा मशेरी लावा नाय होती. वरसभरान दाढ दुखाक लागली. रडाक लागली. मी माज्या डब्यातली चिमूट तिच्या हातार ठेवलंय. मीच शिकयलंय. आता तू सांग, चूक कोणाची?"

मी म्हटलं, "कोणाचीच नाही. खरंच नाही, काकी. ते गेलं, ते का गेलं हे देवालाही विचारून कळायचं नाही. मी त्या दिवशी मूर्खासारखी टाळी वाजवली."

"वाजयलंस खरी," ती म्हणाली. तिने मला सोडलं नाही. मग माझ्या कागदांकडे बोट दाखवलं. "मगे लिव. कोणाची चूक नाय, असा लिव. तुजा कागदार लिवलेला ती मानता. आणि माजोय एक कागद कर. ती सोडतली आणि मी तिच्या फुड्यात बसान घासतलंय? माजो जीव काय दगडाचो?"

म्हणून माझ्या नोकरीतला सगळ्यात विचित्र फॉर्म मी त्या दिवशी भरला. नाव, भागीरथी. वय, सत्तर. किती वर्षांपासून लावता, या प्रश्नाला ती म्हणाली, "माज्या झिलाच्या आधीपासून," म्हणजे रुपेशच्या जन्माच्याही आधी. व्यसनांच्या भागात जागा नव्हती, म्हणून मी समासात पेनाने लिहिलं, 'मशेरी'. आणि दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'पहिली सायकल गेली त्यात दर्शनाची काहीही चूक नाही.' खाली सही केली. डॉक्टरबाईंकडे वर जिना चढून गेले आणि त्यांचीही सही घेतली. त्यांनी वाचलं आणि शिक्का मारून दिला. असा दाखला देण्याची पद्धत कुठल्याही केंद्रात नाही. असायला हवी.

दुसऱ्याच आठवड्यात दर्शना आली. मी तिची माफी मागितली. नोकरीत मी पेशंटची माफी एकदाच मागितली, आणि आणखी चार-पाच वेळा मागायला हवी होती. ती म्हणाली, "बाई, तो कागद सासून देवाच्या फळयेर ठेवल्यान. रोज हळद-कुंकू घालता." त्यानंतर तिने तिचा जेवणाचा डबा उघडून मला दाखवला, तारल्याचा तुकडा किती घेतला ते. मी म्हटलं, थोडा मोठा घे.

पुढचे महिने मात्र मिठबावला फार वाईट गेले. चाळीस-पन्नास वर्षांची सवय सुटते तेव्हा माणूस चिडतो, हे मी शिकले होते. पण भागीकाकीचं चिडणं काय असतं ते पुस्तकात नव्हतं. तिने शेजारणीशी कोंबडीवरून भांडण काढलं. देवळातल्या गुरवाला फुलांवरून बोलली. मांजराने घर सोडलं. रुपेश आईची तक्रार करायला फोन करायचा, "बाई, आवस पयली होती तीच बरी होती." मी तिला भाजलेली बडीशेप आणि ओवा डब्यात घालून दिला, त्याच पत्र्याच्या डब्यात, धुऊन. हाताला डबा लागतो, तेवढं तरी भागतं. दुपारी दोघी मागच्या पायरीवर बसून बडीशेप चावायच्या आणि दोघी मिळून मला शिव्या द्यायच्या. दर्शना सांगायची, "आता आमचा भांडाण होणा नाय. तुमका नावा ठेवूचा काम दोघींका पुरता."

रुपेश एकदा म्हणाला की आईने कुणकेश्वराला जाऊन गाऱ्हाणं घातलं आहे. मी समजले. नातवासाठी नवस बोलून मशेरी सोडली असणार. आमच्याकडे असंच असतं. देवाला काहीतरी आवडतं द्यायचं आणि बदल्यात मागायचं.

दुसरी सायकल झाली. बीजं या वेळी चांगली आली होती, डॉक्टरबाईंनी स्वतः खाली येऊन मला सांगितलं. गर्भ ठेवला. दोन आठवडे गेले. रक्त तपासलं.

नाही.

तुम्हाला वाटलं असेल की इतकं सगळं केल्यावर देवाने द्यायला हवं होतं. मलाही वाटत होतं. शास्त्र शिकलेली बाई असं वाटून घेते आणि कोणाला सांगत नाही. पण बीजाला तक्ता वाचता येत नाही.

रिपोर्ट घेऊन तिघं खाली आली. मी आधीच ठरवलं होतं की तिने विचारायच्या आत मीच सांगायचं, काही चुकलं नाही. दर्शना बसली. डोळे सुजलेले. मी तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "बाई, आज मी विचारणा नाय."

"काय?"

"काय चुकला ता. माका ठाव आसा, कायच चुकाक नाय. शिक्को आसा माज्याकडे."

आणि ती हसली, रडत रडत. रुपेश त्या दिवशी खुर्चीत बसला. ते म्हणाले की आता पुरे. सुया पुरे, तारखा पुरे. ती उद्यापासून बाजारात जाणार होती. मासे येतच होते आणि गिऱ्हाइकं वाट बघत होती.

अवघडले की मी थट्टा करते, हा माझा जुना दोष. मी भागीकाकीकडे वळले आणि म्हटलं, "काकी, आता तुम्ही मोकळ्या. नवस काही फळला नाही. तुमची मशेरी तुम्हाला परत."

भागीकाकीने माझ्याकडे असं पाहिलं की मी वयाच्या साठाव्या वर्षी खाली बघितलं.

"नातवासाठी सोडलंय असा कोणी सांगला तुका?" ती म्हणाली. "कुणकेश्वराक मी नातू मागाक नाय. देव काय दुकान आसा? मी सांगलंय, माजी सून माका पुन्ना हसताना दिसांदे. तेच्यासाठी सोडलंय. ती हसता मा आता? मगे?"

दर्शनाने तिच्याकडे पाहिलं. तिलाही हे माहीत नव्हतं. तिने सासूचा हात धरला, आणि म्हातारीने तो झटकला, कारण खोलीत मी परकी होते.

मग भागीकाकीने पिशवीत हात घातला. केळीच्या पानात बांधलेलं, पाणी गळणारं पुडकं माझ्या टेबलावर, फॉर्मांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. सकाळचे, ताजे, चकचकीत बांगडे.

"घे गो बाय," ती म्हणाली. "तुजो सामन."